पाण्याच्या दिवसाचा हिशेब

जानेवारी आणि जुलै हे आमच्या स्टाफरूममधले दोन सणाचे महिने. महागाई भत्त्याची वाढ या दोन महिन्यांपासून लागू होते. प्रत्यक्ष आदेश निघायला पुढे कितीही काळ जातो, पण वाढ किती टक्के, थकबाकी कधी, ती रोखीने की भविष्य निर्वाह निधीत, या चर्चेत अर्थशास्त्राच्या सरांपासून आम्हा मराठीवाल्यांपर्यंत सगळे सारख्याच तन्मयतेने सामील होतात. एखाद्या नव्या कादंबरीवर तीन प्राध्यापक एकत्र बोलताना दिसणे दुर्मीळ. भत्त्यावर मात्र सगळ्या विद्याशाखा एका सुरात बोलतात.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. दोघेही सोलापुरात वाढलेले, मराठीचे एम. ए., आणि पंचेचाळिशीच्या आसपास आलेले. एकाच वर्गात शिकलो, सेटही एकाच वर्षी उत्तीर्ण झालो. पुढे एकाला पूर्णवेळ जागा मिळाली. दुसरी आजही तासिका तत्त्वावर शिकवते. २००६ साली रुजू होताना वेतनश्रेणी ८,०००–२७५–१३,५०० अशी होती. त्याच पदावर नव्याने येणाऱ्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ५७,७०० रुपये झाले. तासिकेवर शिकवणाऱ्याला मूळ वेतन नाही, म्हणून त्यावर महागाई भत्ता नाही. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. सरकारच्या लेखी आमच्या घरात महागाई एकालाच लागते. जेवायला मात्र दोघेही बसतो. हा विनोद आम्ही इतक्या वेळा केला आहे की आता त्यावर घरात कोणी हसत नाही.

भाषेचे शिक्षक असल्यामुळे आम्हाला या व्यवहारातले शब्दच आधी दिसले. ‘पगार’ हा आपल्या इतक्या जिव्हाळ्याचा शब्द पोर्तुगीज आहे, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले चमकतात. ‘वेतन’ संस्कृत, आणि म्हणून तो आदेशात राहतो. घरात येतो तो पगार. ‘भत्ता’ या शब्दाचे मूळ अनेक जण ‘भक्त’ म्हणजे अन्न या शब्दात शोधतात. मूळ वेतन कामासाठी आणि भत्ता पोटासाठी, अशी एक प्रामाणिक विभागणी या शब्दांत आहे. पण पोटाला नेमके किती लागते हे ठरवायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न शब्दकोश सोडवत नाही. तो आमच्यापुढे एका मुलीने मांडला, आणि तिचा विषय साहित्य नव्हता, पर्यावरण अभियांत्रिकी होता.

त्याआधी भत्त्यामागचे गणित थोडक्यात सांगायला हवे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर हा भत्ता ठरतो. २०१५ या वर्षातल्या बारा महिन्यांची सरासरी, म्हणजे २६१.४२, हा सातव्या आयोगाचा पाया. बारा महिन्यांचा सरासरी निर्देशांक त्याच्या वर जितके टक्के गेला, तितका भत्ता. हा निर्देशांक केंद्राचा श्रम ब्यूरो काढतो आणि त्यासाठी देशातल्या निवडक केंद्रांवर किरकोळ भाव टिपले जातात. २०१६ हे पायाभूत वर्ष धरून सुरू झालेल्या मालिकेत अशी ८८ केंद्रे आहेत, आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या पंक्तीत त्यांत सोलापूर आहे. म्हणजे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या सरकारी कर्मचाऱ्याच्या भत्त्यात आमच्या बाजारातल्या भावांचा एक कण असतो. हे कळले तेव्हा आम्हाला थोडा अभिमानही वाटला.

सोलापूर या यादीत उगाच आलेले नाही. १८७७ साली सुरू झालेल्या आणि आजही ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या कापड गिरणीपासून हे शहर मजुरीवर जगणाऱ्यांचे शहर झाले. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि सोलापूरसाठी राहणीखर्चाचा स्वतंत्र निर्देशांक निघू लागला. फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ या बारा महिन्यांचा पाया शंभर धरून तो मोजत. गिरण्या बंद पडल्या, कामगार यंत्रमागांकडे आणि स्त्रिया विड्यांकडे गेल्या, पण शहराच्या पोटाची मोजणी चालू राहिली. एखाद्या गावाला शंभर वर्षे सतत ‘तुम्ही काय खाता, त्याला काय पडते’ असे विचारले जाणे ही साधी गोष्ट नाही.

या मोजणीत काय येते? २०१६ च्या मालिकेत अन्न व पेये यांना ३९.१७ टक्के भार आहे, घराला १६.८७, इंधन व दिव्याला ५.५०, कपडे व पादत्राणांना ६.०८, पान-सुपारी-तंबाखू यांना २.०७, आणि शिक्षण, औषधपाणी, प्रवास वगैरे किरकोळात ३०.३१. ही वाटणी वाचताना आपल्याच घराचा आरसा पाहिल्यासारखे वाटते. पण या आरशात जे विकत घेतले तेच दिसते. टँकर विकत घेतला तर तो खर्च. रात्रभर जागून नळाचे पाणी भरले तर तो खर्च नव्हे. सोलापूरकराला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. गेली कित्येक वर्षे या शहराने आठवड्याचे वार कमी आणि ‘पाण्याचा दिवस’ जास्त लक्षात ठेवला आहे. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहून जास्त. लग्नाची तिथी ठरवताना ‘त्या दिवशी पाणी आहे का’ असे विचारणारी घरे आमच्या नात्यात आहेत.

ती मुलगी आमच्याकडे २०१० साली आली. दहावीत होती, घरची भाषा तेलुगू, मराठीचे व्याकरण तिला जड जाई. पूर्व भागात अशोक चौकाच्या पलीकडे दोन खोल्यांचे घर. वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात; त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी किरमिजी असत. आई घरी विड्या वळे. सूप मांडीवर घेऊन बसली की दिवसाला हजार विड्या. त्या घरात पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणत, आणि पाण्याच्या दिवशी पहाटे तो शब्द गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जाई. समास शिकवताना आम्ही तिला ‘जलशुद्धीकरण’ हा शब्द फोडायला दिला होता. तिने फोड बरोबर केली आणि विचारले, “मॅडम, पाणी शुद्ध करायचं शिकवतात का कुठं?” आम्ही तिला कोल्हापूरच्या महाविद्यालयातल्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीविषयी सांगितले. ते घराबाहेर राहणे परवडणारे नव्हते. पुढे तिने सोलापुरातच स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि शिष्यवृत्तीवर पर्यावरण अभियांत्रिकीत एम. ई. केले.

आमचाही त्या विषयाशी एक चोरटा संबंध होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रम दिला, पण शिकवायला स्वतंत्र शिक्षक दिले नाहीत. ज्यांचा कार्यभार हलका त्यांच्याकडे तो पेपर आला, आणि मराठीचा कार्यभार नेहमीच हलका. त्यामुळे ‘जलप्रदूषणाची कारणे लिहा’ या प्रश्नाच्या शेकडो उत्तरपत्रिका आम्ही तपासल्या आहेत. कारणे कोणालाही पाठ येतात. ती दूर करणाऱ्या माणसाला महिन्याला किती मिळते, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात नव्हता आणि आमच्या डोक्यातही नव्हता.

जून २०१९ मध्ये ती दोन पत्रे घेऊन आली. एक आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचे, आसवनीच्या सांडपाणी प्रकल्पावर, महिना १५,००० रुपये. दुसरे पुण्यातल्या, गृहसंकुलांसाठी मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प उभारणाऱ्या आणि चालवणाऱ्या एका कंपनीचे, महिना २६,०००. “सर, तुम्ही सांगाल तिकडं जाते,” ती म्हणाली. तिच्या ओळखीत पगाराचा कागद वाचणारे दुसरे कोणी नव्हते.

जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आम्ही तिघांनी हिशेब मांडला. पुणे: तिघींत मिळून घेतलेल्या घराचा वाटा ६,५००; खाणावळ ३,०००; चहा-नाश्ता १,०००; बस-रिक्षा १,५००; फोन ४००; महिन्यातून दोनदा सोलापूरला येणे-जाणे ८००; भविष्य निर्वाह निधी १,८००; व्यवसाय कर २००; कपडे, औषध, अडीअडचण १,५००. एकूण १६,७००. उरतात ९,३००. सोलापूर: निधी १,८००, व्यवसाय कर २००, कारखान्यापर्यंत रोजचा प्रवास २,०००, फोन ४००, किरकोळ १,०००. एकूण ५,४००. उरतात ९,६००.

आकडे पाहून आम्हीच चकित झालो. अकरा हजारांचा फरक एका पानावर विरघळला आणि उलट सोलापूरच तीनशे रुपयांनी पुढे गेले. सरकारलाही शहराशहरांतला हा फरक ठाऊक आहे. म्हणून त्याने शहरांना एक्स, वाय, झेड अशी अक्षरे दिली आहेत. पुणे एक्स, सोलापूर वाय. सातव्या आयोगाच्या मूळ दराने घरभाडे भत्ता एक्सला २४ टक्के, वायला १६, झेडला ८. ५७,७०० मूळ वेतन असेल तर पुण्यात १३,८४८ आणि सोलापुरात ९,२३२. फरक ४,६१६ रुपयांचा. सरकारी नोकराला शहर बदलल्याची एवढी भरपाई मिळते. खासगी नोकरीत ही अक्षरे कोणी लिहीत नाही, पण कंपन्या ती मनात धरूनच पगार ठरवतात. जास्तीचे अकरा हजार पुण्याने तिला दिले नसते. तिच्या हातून घरमालकाला, खाणावळवाल्याला आणि रिक्षावाल्याला दिले असते.

आम्ही तिला सोलापूरचा सल्ला दिला. घरी राहशील, आईवडिलांना आधार होईल, शिल्लकही तितकीच. मध्यमवर्गीय प्राध्यापकाला जेवढे शहाणपण असते तेवढे सगळे त्या सल्ल्यात होते.

तिने कागद पुन्हा वाचला आणि म्हणाली, “मॅडम, यात आईच्या विड्या धरल्या नाहीत की ओ.”

आम्हाला कळेना. मग तिने समजावले. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत आई नळाशी. मोटारी लावणाऱ्यांच्या घरात पाणी आधी ओढले जाते, यांच्या नळाला धार येते ती शेवटी. मग पिंप, घागरी, हंडे, वरच्या खोलीतली टाकी. त्या दिवशी हजाराच्या सातशेच विड्या होतात. महिन्यात असे सात-आठ दिवस. म्हणजे दोन-सव्वादोन हजार विड्या दर महिन्याला कमी. म्हणजे महिन्यातले दोन दिवस आई मजुरीशिवाय राबते. हजारामागे मिळणाऱ्या मजुरीवर चालणाऱ्या घरात हे दोन दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे?

आम्ही शिक्षकी उत्साहाने म्हणालो की मग तर सोलापूरच बरे. तू घरी असशील, सुटीच्या दिवशी पाणी तू भरशील, आईच्या विड्या वाचतील. तिने आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, थोडी दया होती.

“पाणी भरायला एम. ई. केलं का ओ, सर?”

ती पुण्याला गेली.

त्यानंतर आम्ही तिच्या व्यवसायाकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो. पर्यावरण अभियंत्याची नोकरी बहुतांशी कायद्याने निर्माण केली आहे. १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. २००६ च्या अधिसूचनेने वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली. साखर कारखाने आणि आसवन्या अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा वर्गांत मोडतात, म्हणून त्यांच्या सांडपाण्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रे बसवणे भाग पडले. सोलापूर हा तर साखर कारखान्यांचा जिल्हा. शिवाय शहरात मैलाशुद्धीकरण केंद्रे झाली, फताटेवाडीजवळ १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आला, आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव गेले. कामाला तोटा नाही. मग पगार पंधरा हजार का?

साखर कारखान्यात मुख्य अभियंत्याने गाळप वाढवले तर पोती मोजता येतात. मुख्य रसायनशास्त्रज्ञाने उतारा वाढवला तर टक्के दिसतात. पर्यावरणाच्या माणसाने आपले काम चोख केले तर काहीच होत नाही. ओढ्यातले मासे मरत नाहीत, विहिरीचे पाणी लाल होत नाही, कोणी तक्रार करत नाही. ज्या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे, त्याला ताळेबंदात जमेची बाजू नाही, फक्त खर्चाची आहे. वाचलेला खर्च दुसऱ्याच कोणाचा असतो: खालच्या गावातल्या शेतकऱ्याचा, विहीर खोल करणाऱ्याचा, विड्या वळणाऱ्या बाईचा. आणि तो खर्च आधीच कोणी मोजलेला नसतो. म्हणून तो वाचवणाऱ्याचे मोलही ठरत नाही. आमच्या मते या तुटपुंज्या पगाराचे मूळ कारण इथे आहे. अभियंते फार झाले, मागणी कमी आहे, ही स्पष्टीकरणे खरी असतील. पण मागणी कमी का, याचे उत्तर ती देत नाहीत.

सरकारी बाजूला आकडे बरे आहेत. राज्य शासनात कनिष्ठ अभियंत्याची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० अशी आहे, वर भत्ते. तिने त्या परीक्षाही दिल्या. जागा थोड्या, उमेदवार लाखांनी, आणि निकाल लागेपर्यंत माणसाचे वय वाढत राहते. पंधरा हजार आणि अडतीस हजार सहाशे यांच्यामधली दरी ज्ञानाची नाही, कायम या एका शब्दाची आहे. ती आमच्याच घरात स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीच्या मध्ये रोज दिसत असल्यामुळे आम्हाला वेगळी शोधावी लागली नाही. आमच्यातल्या एकाला कवितेच्या तासासाठी समाज पर्यावरण अभियंत्याच्या कितीतरी पट देतो आणि दुसरीला तीच कविता शिकवण्यासाठी तिच्यापेक्षाही कमी. यावरून कवितेचे किंवा पाण्याचे मोल ठरवू गेलो तर वेड लागेल.

आता पुण्याचे. मुळा-मुठा पुण्यातून निघते, पवना त्याआधीच दापोडीला मुळेत मिसळलेली असते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुढे मुळा-मुठाही रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते, आणि हे सगळे दौंडवरून उजनी धरणात. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी सोलापूर पिते, आणि पंढरपूरचे वारकरी त्याच भीमेत चंद्रभागा म्हणून स्नान करतात. पुण्याने न शुद्ध केलेले प्रत्येक बादलीभर मैलापाणी अखेर याच वाटेने येते. उजनीच्या फुगवट्यावर पसरणारी जलपर्णी हे त्याचेच हिरवे हस्ताक्षर. पुण्यात अकरा शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९.६ कोटी लिटर क्षमता अशी ९९० कोटी रुपयांची योजना जपानी कर्जाच्या साहाय्याने २०१६ मध्ये ठरली. अशी कामे रेंगाळली की प्रत्येक वर्षाची किंमत धरणाखालच्यांच्या वाट्याला येते.

आमची विद्यार्थिनी या नदीच्या वरच्या टोकाला नोकरी करत होती. तिच्याकडे काही गृहसंकुलांचे प्रकल्प होते. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री तिचा फोन आला. एका संकुलात विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्री हवा सोडणारी यंत्रे बंद ठेवत. नोंदवहीत मात्र चोवीस तासांची नोंद हवी, आणि खाली तिची सही. वरिष्ठांनी सांगितले होते की सगळीकडे असेच चालते. “सर, मी सही करते ना, ते पाणी कुठं जातं माहीत आहे ना तुम्हाला? आईच्या पिंपात जातं.”

आम्ही काय सांगणार? २०१९ मधला आमचा सल्ला तिला आठवत होता, आम्हाला त्याहून जास्त. आम्ही एवढेच विचारले की सही केली नाही तर काय होईल. “दुसरी नोकरी बघायची,” ती म्हणाली. तिने सही केली नाही आणि दोन महिन्यांनी दुसरी नोकरी पत्करली, चार हजारांनी कमी पगाराची. पगाराच्या आकड्यात सहीची किंमत धरलेली असते, हे पर्यावरण अभ्यासाच्या कुठल्याच युनिटमध्ये आम्ही शिकवले नव्हते. तिचे कौतुक करावे असे वाटले, पण तिच्या चार हजारांवर उभे राहून कौतुक करणे बरे दिसले नसते.

गेल्या जुलैत ती पुन्हा आली. पुण्यात आता ५४,००० मिळतात. सोलापूरजवळच्या एका मैलाशुद्धीकरण केंद्रावर कंत्राटी पदाचा प्रस्ताव आहे, ३६,०००. वडील थकले आहेत. “मॅडम, पुन्हा मांडा की गणित,” ती हसून म्हणाली. आम्ही कागद घेतला. पुण्याचे भाडे आता एकटीचे, खाणे, प्रवास, विमा, घरी पाठवायचे पैसे. इकडे प्रवास, औषधे, किरकोळ. दोन्हीकडची शिल्लक पुन्हा हजारभराच्या अंतरावर आली. शहरे बदलतात, आकडे दुप्पट होतात, माणसाच्या हाती उरायचे ते तेवढेच उरते, असे वाटून आम्ही थोडे खिन्न झालो. मग या वेळी चूक नको म्हणून सोलापूरच्या बाजूला आम्ही स्वतःहून एक ओळ वाढवली: पाण्याचा दिवस, आईच्या विड्या.

“ते आता धरू नका,” ती म्हणाली. “आईला दिसत नाही नीट. दोन वर्षं झाली, विड्या वळणं सोडलं तिनं.”

आम्ही ती ओळ खोडली. हिशेब सोपा झाला. जो खर्च कधी कुठे लिहिला गेला नव्हता, तो न लिहिताच संपला. पाण्याचे दिवस वाढल्यामुळे नव्हे, आईचे हात थांबल्यामुळे. ती काय ठरवणार हे हा लेख लिहीपर्यंत आम्हाला माहीत नाही, आणि या वेळी आम्ही सल्लाही दिलेला नाही.

एक छोटी गोष्ट मात्र केली. पर्यावरण अभ्यासाचा पेपर नव्या शैक्षणिक धोरणातही वेगळ्या नावाने आमच्याकडे राहिला आहे. या सत्रात प्रकल्पासाठी नेहमीचे ‘जलप्रदूषण: कारणे व उपाय’ न देता आम्ही विद्यार्थ्यांना आपापल्या घरातल्या पाण्याच्या दिवसाची महिनाभर नोंद ठेवायला सांगितले. पाणी किती वाजता आले, कोणी भरले, किती वेळ लागला, आणि त्या वेळात कोणते काम बुडाले. वह्या जमा झाल्या. वेळा अगदी मिनिटांपर्यंत लिहिल्या आहेत. पाणी कोणी भरले या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘आई’ आहे, काही ठिकाणी ‘मी’, आणि तिथे अक्षर मुलीचे आहे. शेवटचा, काम बुडाल्याचा रकाना जवळपास सगळ्यांनी मोकळा सोडला. कारण विचारले तर एक मुलगा म्हणाला, “सर, आई घरीच असते. तिचं काय बुडणार?”

पुढचे दोन तास आम्ही त्या एका वाक्यावर घेतले.